दहावीनंतर खदानीत जायचं असेल तर

मी कोळशाच्या खाणीतून ओव्हरमन म्हणजे कामावर देखरेख करणारा पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालो. चंद्रपूर-वणी पट्ट्यात ३१ वर्षं नोकरी झाली, त्यातली २२ जमिनीखाली. आता दर शनिवारी गावातल्या शाळेत नववी-दहावीच्या पोरापोरींसोबत तासभर बसतो. मुख्याध्यापकांनीच बोलावलं. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरचं कुणी ना कुणी खदानीत आहे, तरी मुलांना एवढंच ठाऊक असतं की बाबा पाळीला जातात आणि काळे होऊन येतात. पहिला प्रश्न दर वेळी तोच: "काका, खदानीत कसं लागता येतं?"

मी उलट विचारतो, "कोणतं सर्टिफिकेट घेऊन लागायचंय?"

वर्ग गप्प होतो. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून काढलं.

अठरा वर्षं पूर्ण झाली की ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून लागता येतं. त्यासाठी माझ्याकडे यायची गरज नाही, गावातला कुणीही नेऊन उभा करेल. त्या कामालाही मान आहे, घरं त्यावर चालतात. पण सर्टिफिकेट नसलेला माणूस कितीही हुशार असो, कितीही वर्षं खाणीत काढलेली असोत, त्याला कामाचा चार्ज मिळत नाही. पाळीत एखाद्या भागाची जबाबदारी कुणाच्या हाती द्यायची, हे कायद्याने ठरवलंय. ती सर्टिफिकेटं धनबादचं खाण सुरक्षा महानिदेशालय देतं. आमच्या तोंडी ते डीजीएमएस. माझ्यासोबत लागलेले दोघं जण माझ्यापेक्षा चांगलं छत ओळखायचे. छताला आधार देणाऱ्या बोल्टाला नुसता हात लावून सांगायचे की इथे वजन येतंय. शाळा अर्धवट सुटली होती, परीक्षेला बसता आलं नाही, आणि शेवटपर्यंत ते दुसऱ्याच्या सहीखाली राबले. मला ते आजही सलतं. शनिवारी शाळेत जातो ते त्यांच्यासाठीच.

पायऱ्या समजून घे

कोळशाच्या खाणीत सुरुवात गॅस टेस्टिंग आणि प्रथमोपचार या दोन सर्टिफिकेटांनी होते. मग मायनिंग सरदार, त्यावर ओव्हरमन, त्यावर सेकंड क्लास मॅनेजर आणि सगळ्यात वर फर्स्ट क्लास मॅनेजर. मँगनीज किंवा लोहखनिजाच्या खाणीत सरदाराच्या जागी मेट असतो आणि ओव्हरमनच्या जागी फोरमन. सर्व्हेअर आणि ब्लास्टरची सर्टिफिकेटं वेगळी.

सरदार म्हणजे नुसता मुकादम नव्हे. पाळी सुरू व्हायच्या आधी तो आपल्या भागात एकटा फिरतो. काठीने छत ठोकतो. ठणठणीत आवाज आला तर दगड पक्का, भदभद आवाज आला तर वर पोकळी आहे. गॅस तपासतो, हवा बघतो, मग सही करतो. त्याने "नाही" म्हटलं तर त्या भागात कुणाला काम करता येत नाही. शाळेतल्या मुलाला मी हेच सांगतो: दहावीनंतर काही वर्षांत चाळीस-पन्नास माणसांचा जीव तुझ्या एका सहीवर असेल. तयारी त्या हिशेबाने कर.

सर्टिफिकेटांच्या वयाच्या, शिक्षणाच्या आणि अनुभवाच्या अटी नियमांसोबत बदलत आल्यात. कोळशासाठी २०१७ चे कोल माइन्स रेग्युलेशन्स आहेत, धातूच्या खाणींसाठी १९६१ चे मेटॅलिफेरस माइन्स रेग्युलेशन्स. कोणत्या काकाला कोणत्या साली दहावीवर सरदारकी मिळाली, ते ऐकून आपलं ठरवू नको. त्या वर्षीची डीजीएमएसची परीक्षेची सूचना स्वतः वाच, सरांसोबत बसून वाच.

शाळेत असतानाच करायच्या गोष्टी

पहिली गोष्ट कागद. हे वाचून कुणाला कंटाळा येईल, पण मी सगळ्यात जास्त माणसं इथेच अडकलेली पाहिली. शाळेच्या दाखल्यावर एक जन्मतारीख, आधारवर दुसरी. दहावीच्या मार्कशीटवर वडिलांचं नाव पूर्ण, जातीच्या दाखल्यावर अर्धं. खाणीत जन्मतारखेवर निवृत्ती ठरते, परीक्षेची पात्रता ठरते. माझ्या ओळखीच्या एका मुलाची भरती सगळं पास होऊन केवळ आडनावाच्या एका वेलांटीपायी वर्षभर रखडली. दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरण्याआधी घरातले सगळे कागद एका ओळीत मांड. नाव, आडनाव, आईचं नाव, तारीख, एकेक अक्षर जुळव. चूक असेल तर बोर्डाचा फॉर्म जायच्या आधी शाळेत दुरुस्त करणं सोपं असतं. नंतर गॅझेट, अॅफिडेव्हिट, चकरा.

दुसरी गोष्ट गणित. मुलांना वाटतं खदानीत ताकद लागते. ताकद यंत्रं लावतात, माणसाला हिशेब लागतो. दहावीच्या गणित भाग २ मधली त्रिकोणमिती घे. आमच्याकडे इनक्लाइनचा, म्हणजे खाणीत उतरणाऱ्या तिरक्या रस्त्याचा, उतार "१ इन ४" असा सांगतात, म्हणजे ४ मीटर आडवं पुढे गेलं की १ मीटर खाली. आता सांग, तू त्या उतारावरून ४०० मीटर चाललास तर किती खोल गेलास? मुलं चटकन १०० म्हणतात. पण ४०० मीटर तू उतारावर चाललास, आडवा नाही. पायथागोरस लाव: ४ आणि १ चा कर्ण √१७, म्हणजे साधारण ४.१२. ४०० भागिले ४.१२, उत्तर सुमारे ९७ मीटर. या ३ मीटरच्या फरकाने वरून मारलेलं बोअरहोल खालच्या गॅलरीला, म्हणजे खाणीतल्या बोगद्याला, चुकतं. हे गणित फळ्यावर केलं की मागच्या बाकावरची पोरं पुढे सरकतात.

विज्ञानही तसंच. हवेत २१ टक्के ऑक्सिजन, हे पाठ आहे ना? खाणीत माणसं काम करतात तिथल्या हवेत ऑक्सिजन १९ टक्क्यांखाली जाऊ द्यायचा नाही आणि कार्बन डायऑक्साइड ०.५ टक्क्याच्या वर जाऊ द्यायचा नाही, असा नियम आहे. मिथेन हवेत ५ ते १५ टक्के असला की ठिणगी पुरते, स्फोट होतो. तेवढा होईपर्यंत कुणी थांबत नाही; १.२५ टक्क्याच्या वर गेला की त्या भागाची वीज बंद करायची. मिथेन हवेपेक्षा हलका, म्हणून तो छताला साचतो आणि गॅसचा मीटर वर धरून तपासायचा. कार्बन डायऑक्साइड जड, तो खाली बसतो. घनता हा धडा मी याच एका उदाहरणाने शिकवतो आणि मग कुणी विसरत नाही.

तिसरी गोष्ट शरीर. खाणीत कामाला लावण्याआधी वैद्यकीय तपासणी होते आणि तिचा फॉर्म "ओ" बनतो. डोळे, कान, छातीचा एक्स-रे, फुप्फुसाची ताकद, सगळं बघतात. नोकरीतही ही तपासणी ठरावीक वर्षांनी पुन्हा होत राहते. म्हणून नववी-दहावीतच जवळच्या सरकारी दवाखान्यात डोळे तपासून घे, रंग ओळखता येतात का तेही बघून घे. सिग्नलचे दिवे, केबलचे रंग, यांवर काम चालतं. तीन वर्षं शिकून झाल्यावर हे कळण्यात अर्थ नाही. आणि खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी. आमच्या भागात आठवीतली पोरं खर्रा खातात, हे मी डोळ्यांनी बघतो. तोंड उघडेना झालं तर सेल्फ रेस्क्यूअरचं माउथपीस तोंडात बसणार कसं? धुरात तेच यंत्र तुला बाहेर आणतं. यावर मी वर्गात आवाज चढवतो, आणि चढवतच राहीन.

शाळेने खाण दाखवायला न्यायची असेल तर

हे शिक्षकांसाठी. १८ वर्षांखालच्या मुलांना खाणीत काम चालू असलेल्या जागी नेता येत नाही. अप्रेंटिस आणि प्रशिक्षणार्थी १६ पूर्ण असले तर मॅनेजरच्या देखरेखीत येऊ शकतात, बाकी कुणी नाही. म्हणून "मुलांना अंडरग्राउंड दाखवा" अशी मागणी करू नका, ती नाकारलीच जाईल. मुख्याध्यापकांच्या लेटरहेडवर खाणीच्या मॅनेजरला पत्र द्या आणि तीन गोष्टी मागा: खुल्या खाणीचा व्ह्यू पॉइंट, व्हीटी सेंटर म्हणजे जिथे नव्या कामगारांना प्रशिक्षण देतात ती जागा, आणि सेफ्टी ऑफिसरचा एक तास. मुलांची संख्या, वयं आणि सोबत येणारे शिक्षक पत्रातच लिहा. व्हीटी सेंटरमध्ये बहुधा छताचे आधार, टोप्या, दिवे, रेस्क्यूअर मांडलेले असतात, मुलांना हातात घेऊन बघता येतं.

नागपूर जवळ असेल तर सहलीला तेच शहर निवडा. इंडियन ब्युरो ऑफ माइन्सचं मुख्यालय तिथे आहे, १९४८ पासूनची संस्था. वेकोलि म्हणजे कोळशाची वेस्टर्न कोलफील्ड्स आणि मँगनीजची मॉइल, या दोन्ही कंपन्यांची मुख्यालयंही तिथेच. मुलांना एका दिवसात कळतं की खाण म्हणजे नुसता खड्डा नाही, तिच्यामागे नकाशे, प्रयोगशाळा, कायदा, हिशेब असं सगळं जग आहे. सावनेरला वेकोलिने इको पार्क केलाय, तिथे भूमिगत खाणीची प्रतिकृती बघता येते. माझ्या शाळेतली एक मुलगी तिथून आली आणि म्हणाली, "काका, आत एवढी हवा येते कुठून?" मी तिला व्हेंटिलेशन समजवायला दोन शनिवार घेतले. ती आता डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

दहावीनंतर

माझं मत विचारशील तर खाणीत जायचं पक्कं असेल आणि गणित बरं असेल तर मायनिंगचा डिप्लोमा. तीन वर्षांचा असतो. महाराष्ट्रात पॉलिटेक्निकला दहावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो, त्यासाठी सीईटी नाही, तंत्रशिक्षण संचालनालयाची केंद्रीय प्रवेश प्रक्रिया असते. नागपूरच्या शासकीय तंत्रनिकेतनात मायनिंग अँड माइन सर्व्हेइंग हा डिप्लोमा आहे. फॉर्म भरताना कॉलेजचं नाव बघून थांबू नको, शाखेचं पूर्ण नाव वाच. गेल्या काही वर्षांत दोन मुलं घाईत सिव्हिलला लागून परत आली.

डिप्लोमा झाला की काम संपत नाही. एक वर्षाचं प्रॅक्टिकल ट्रेनिंग लागतं, त्याला पीडीपीटी म्हणजे पोस्ट डिप्लोमा प्रॅक्टिकल ट्रेनिंग म्हणतात. ते झालं, गॅस टेस्टिंग आणि प्रथमोपचार झाले, की ओव्हरमनच्या सर्टिफिकेटची वाट मोकळी होते. आता इथे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी मुलांना कुणीच सांगत नाही. ट्रेनिंग भूमिगत खाणीत घे.

आपल्या भागात आज बहुतेक कोळसा खुल्या खाणीतून निघतो. तिथे ट्रेनिंग सोपं, ऊन सोडलं तर त्रास कमी, म्हणून मुलं तिकडे पळतात. पण फक्त खुल्या खाणीचा अनुभव असेल तर सर्टिफिकेट रिस्ट्रिक्टेड मिळतं, म्हणजे खुल्या खाणीपुरतंच. अंडरग्राउंडचा अनुभव असला तर अनरिस्ट्रिक्टेड, दोन्हीकडे चालणारं. पंचविसाव्या वर्षी हा फरक दिसत नाही. पस्तिशीत, मॅनेजरच्या परीक्षेच्या वेळी, किंवा जवळची खुली खाण संपून दूरच्या भूमिगत खाणीत जागा निघते तेव्हा दिसतो. आणि छत वाचायला तिथेच येतं, पुस्तकाने येत नाही. मी ट्रेनिंगला आलेल्या पोरांना पहिला आठवडा काही करू देत नसे. नुसतं माझ्यामागे फिर, काठीचा आवाज ऐक. आठव्या दिवशी विचारायचो: कुठे वाजलं?

आयटीआयची वाट छोटी आणि खात्रीची आहे. इलेक्ट्रिशियन, फिटर, डिझेल मेकॅनिक, वेल्डर, सर्व्हेअर, यांतलं काही कर आणि अप्रेंटिसशिपचा अर्ज लगेच टाक. शॉवेल, डंपर, पंप, कन्व्हेयर, सगळं याच हातांवर चालतं. दोन वर्षांच्या आयटीआयनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, हेही लक्षात ठेव. घरची परिस्थिती पुढे सुधारली तर वाट बंद झालेली नसते.

आणि ज्याला पुस्तकं आवडतात त्याने अकरावी-बारावी सायन्स. नागपूरच्या व्हीएनआयटीत मायनिंगची पदवी आहे, प्रवेश जेईई मेनवर, आणि एनआयटीत निम्म्या जागा आपल्याच राज्यातल्या मुलांसाठी असतात. धनबादचं १९२६ साली सुरू झालेलं इंडियन स्कूल ऑफ माइन्स २०१६ पासून आयआयटी आहे, तिथे जेईई अॅडव्हान्स्ड लागते. जेईईचं ओझं नको आणि दगडांत मन रमतं अशा मुलाला मी भूशास्त्राची बीएस्सी सुचवतो. खनिज कुठे आहे हे आधी भूशास्त्रज्ञ सांगतो, मग आम्ही खणतो. एमएस्सीनंतर यूपीएससीची जिओ-सायंटिस्टची वेगळी परीक्षाही असते.

मुलींच्या आईवडिलांना

"खदान मुलीचं काम नाही," हे वाक्य मला निवृत्त लोकच जास्त ऐकवतात. कायद्यानेच स्त्रियांना जमिनीखाली जायला मज्जाव होता, ती गोष्ट खरी. २०१९ मध्ये केंद्र सरकारने तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामांसाठी ते दार उघडलं. २०२१ साली झारखंडमधल्या चुरी या भूमिगत कोळसा खाणीत आकांक्षा कुमारी रुजू झाली, कोल इंडियात भूमिगत खाणीत काम करणारी पहिली महिला मायनिंग इंजिनिअर. तेव्हा तुमची मुलगी गणितात पुढे असेल तर तिला सर्व्हेइंगला, मायनिंगला बिनधास्त पाठवा. सर्व्हेअरला डोकं आणि डोळा लागतो. राहिली गोष्ट सोयींची: प्रसाधनगृह, कपडे बदलायची खोली, कामाच्या पाळ्यांच्या वेळा. ट्रेनिंगची खाण निवडण्याआधी जाऊन बघा आणि नसेल तर तोंडावर विचारा. विचारल्याशिवाय होत नाही.

काही पालक विचारतात, कोळसा संपला तर? भंडाऱ्यातली चिखला, डोंगरी बुजुर्ग इथे मँगनीज निघतं, गडचिरोलीत सुरजागडला लोहखनिज. समृद्धी महामार्गावर इगतपुरीजवळ सुमारे ८ किलोमीटरचे जुळे बोगदे खोदले. बोगदा म्हणजे तरी काय, छत, आधार, हवा आणि स्फोट. ज्याला भूमिगत खाण येते त्याला बोगदाही समजतो. मुलाला फक्त एका कंपनीच्या नोकरीसाठी तयार करू नका, कामासाठी करा.

पहिल्या दिवशी

ट्रेनिंगच्या किंवा अप्रेंटिसशिपच्या पहिल्या दिवसाआधी व्हीटी झालं पाहिजे आणि फॉर्म "ओ" झाला पाहिजे. ठेकेदार म्हणाला "उद्यापासून ये, कागद मागाहून करू", तर जाऊ नको. अपघात झाला तर कागद नसलेल्या माणसाचं कुटुंब कार्यालयाच्या पायऱ्या झिजवतं. मी अशा एका घरासोबत चार वर्षं फिरलोय.

सुती कपडे घाल, नायलॉन-टेरिकॉट नको. बूट पायात बसणारे घे, मोठ्या भावाचे नको. कोळशाच्या भूमिगत खाणीत काडेपेटी, बिडी, लायटर, मोबाइल काही न्यायचं नाही. खाणीच्या तोंडाशी झडती होते, तिचा राग मानायचा नाही. लॅम्परूममधून टोपीचा दिवा आणि सेल्फ रेस्क्यूअर घे, त्यांचा नंबर पाठ कर. रेस्क्यूअर कमरेलाच राहू दे, जेवताना काढून बाजूला ठेवू नको. तुझ्या सरदाराचं नाव विचार, आणि आत शिरल्यावर पहिलं हे विचार की दुसरा बाहेर जायचा रस्ता कोणता. एकदा त्या रस्त्याने चालून बघ, दिवा विझवून भिंतीला हात लावत दहा पावलं टाक, सरदार सोबत असताना.

पाळी संपली की थकलेला असशील, डोळे मिटत असतील. तरी घरी जायच्या आधी दिवा स्वतःच्या हाताने लॅम्परूममध्ये जमा कर, मित्राजवळ देऊ नको. तुझ्या नंबरचा दिवा टांगायचा खिळा रिकामा दिसला तर तू आत अडकलास असं समजून माणसं शोधायला खाली उतरतात.